निवडयादीची वाट पाहताना : शिष्यवृत्तीच्या कटऑफचा एक अभ्यास

आठवीच्या वर्गाच्या वार्षिक नियोजनात घटक चाचण्यांच्या तारखा असतात, सहलीची आणि स्नेहसंमेलनाची तारीख असते. मात्र या वर्गातील अनेक मुलांच्या वर्षातील सर्वांत कठीण कालखंड त्या नियोजनात कोठेही नमूद नसतो. शिष्यवृत्ती परीक्षेचे गुण कळलेले असतात, निवडयादी अजून लागलेली नसते, आणि मधल्या दिवसांत मुले एकमेकांना एकच प्रश्न विचारीत असतात : यंदा कटऑफ कितीवर जाईल? पालकही हाच प्रश्न शिक्षकांना विचारतात. कोणी मागच्या वर्षीचा आकडा सांगतो, कोणी शेजारच्या तालुक्यातील ऐकीव बातमी आणतो. या प्रश्नाचे निश्चित उत्तर यादी लागेपर्यंत कोणाहीजवळ नसते. परंतु हा कटऑफ म्हणजे नेमके काय, तो कोण ठरवतो, त्याने मुलाविषयी काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे प्रश्न अभ्यासाने सुटणारे आहेत. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकत्र वाचणार आहेत, म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

परीक्षा आणि तिचा हेतू

आपल्या परिसरात ‘एनएमएमएस’ या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थ्यांसाठी असलेली शिष्यवृत्ती योजना. केंद्र शासनाने ती २००७-०८ पासून लागू केली. संपूर्ण देशासाठी दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या निश्चित केलेल्या असून महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात. राज्यात ही परीक्षा पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० आणि एकूण ४८,००० रुपये मिळू शकतात. आरंभी ही रक्कम वर्षाला ६,००० रुपये होती. एप्रिल २०१७ पासून ती दुप्पट झाली.

शिष्यवृत्ती नववीपासूनच का सुरू होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयोगटाला पहिली ते आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंत. ज्या उंबरठ्यावर कायद्याचे छत्र संपते, त्याच उंबरठ्यावर गरीब घरातील मूल शाळा सोडण्याची शक्यता वाढते. मुलगा असेल तर तो कामाला लागतो, मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहते आणि पुढे तिच्या लग्नाची चर्चा सुरू होते. ही गळती थांबावी हाच या योजनेचा जाहीर उद्देश आहे. दरमहा १,००० रुपये ही रक्कम शहरातील सुस्थित कुटुंबाला किरकोळ वाटेल. परंतु ऊसतोडीला जाणाऱ्या वा वीटभट्टीवर राबणाऱ्या घरात ती ‘पोरीला पुढे शिकवायचे की नाही’ या वादात शिकविण्याच्या बाजूने टाकलेले वजन असते. कटऑफची वाट पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जी चिंता दिसते, तिचे मूळ येथे आहे.

पात्रतेच्या अटी अशा : विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकत असावा, पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, सैनिकी शाळा येथील विद्यार्थी, तसेच शासकीय वसतिगृहाच्या निवास-भोजनाचा लाभ घेणारे विद्यार्थी यातून वगळलेले आहेत. निवासी शाळेच्या परिवाराने ही शेवटची अट विशेष लक्षात ठेवावी. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी गावाहून ये-जा करणारा पात्र ठरतो आणि वसतिगृहात राहणाऱ्याच्या पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच प्रत्येक मुलाच्या बाबतीत त्याची निश्चिती करून घेणे हे शाळेचे आणि पालकांचे काम आहे.

दोन रेषा, दोन अर्थ

परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका असतात. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न व ९० मिनिटे. शालेय क्षमता चाचणीतही ९० प्रश्न व ९० मिनिटे, आणि तीत सामान्य विज्ञान, समाजशास्त्र व गणित हे विषय. एकूण गुण १८०. येथून पुढे जो गोंधळ होतो तो एका शब्दामुळे. लोक ‘कटऑफ’ म्हणतात तेव्हा ते दोन वेगवेगळ्या रेषांना एकच नाव देत असतात.

पहिली रेषा पात्रतेची. दोन्ही चाचण्या मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण. अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२ टक्के, म्हणजे व्यवहारात ५८ गुण. ही रेषा आधीच ठरलेली आणि स्थिर आहे. ती ओलांडणारा विद्यार्थी परीक्षेत पात्र ठरला, एवढे निश्चित सांगता येते.

दुसरी रेषा निवडीची. ही कोणीही आधी ठरवीत नाही. राज्याचा कोटा जिल्ह्यांमध्ये विभागला जातो, प्रत्येक जिल्ह्यात तो आरक्षणाच्या धोरणानुसार प्रवर्गांमध्ये विभागला जातो, आणि मग गुणांच्या उतरत्या क्रमाने जागा भरल्या जातात. शेवटच्या जागेवर जो विद्यार्थी येतो, त्याचे गुण म्हणजे त्या जिल्ह्याचा, त्या प्रवर्गाचा, त्या वर्षीचा कटऑफ.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका जिल्ह्यात एका प्रवर्गासाठी ४० जागा आहेत. ९०० मुले परीक्षेला बसली आणि त्यांतील ३०० मुलांनी पात्रतेची रेषा ओलांडली. गुणानुक्रमे चाळिसाव्या मुलीला १०४ गुण मिळाले. तेथे कटऑफ १०४ झाला. १०३ गुण मिळविणारा मुलगा पात्र आहे, परंतु निवड झालेला नाही. पुढील वर्षी प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि चाळिसावा विद्यार्थी ९२ वरच थांबला, तर आदल्या वर्षीचे १०३ गुण त्या वर्षी सुखरूप यादीत बसले असते. शेजारच्या जिल्ह्यात त्याच वर्षी शेवटची निवड ८८ वर झाली असेल, तर तोच मुलगा नदीपलीकडच्या शाळेत असता तर निवडला गेला असता. मूल तेच, गुण तेच, तयारी तीच. बदलल्या त्या फक्त जागा आणि सोबतचे स्पर्धक.

यातून निघणारा निष्कर्ष आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पात्रतेची रेषा मुलाविषयी काही सांगते. निवडीची रेषा मुख्यतः जागांविषयी सांगते. जागा संपल्या की रेषा ओढली जाते. तिच्या खाली राहिलेल्या मुलास ‘नापास’ म्हणणे हे भाषेच्या दृष्टीने चूक आणि माणुसकीच्या दृष्टीने त्याहून मोठी चूक आहे.

इतिहास काय सांगतो

स्पर्धा आणि शिष्यवृत्ती यांच्या नात्याचा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगासमोर महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी या प्रश्नावर नेमके बोट ठेवले होते. स्पर्धेद्वारे शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते, तथापि तिने इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याच्या घरी तीन पिढ्या पाटी-पुस्तक आहे आणि ज्याच्या घरी अक्षर प्रथमच येत आहे, अशा दोघांना एका ओळीत उभे करून शिट्टी वाजविली, तर शर्यतीचा नियम समान राहतो, पण शर्यत समान राहत नाही. आज जिल्हावार कोटा, प्रवर्गनिहाय जागा आणि ३२ टक्क्यांची स्वतंत्र पात्रता या तरतुदी आपण पाहतो, त्यांच्यामागचा विचार जोतीरावांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. त्यांना ‘सवलत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे निवेदन अवश्य वाचावे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९०७ साली ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले. चरित्रकारांनी त्यांचे गुण ७५० पैकी २८२ असे नोंदविले आहेत, म्हणजे ३७.६ टक्के. परळच्या चाळीतील एका खोलीत, माणसांच्या गर्दीत, रात्री सारे निजल्यावर केलेल्या अभ्यासाचे हे गुण. त्या काळची परीक्षा आणि आजची परीक्षा यांची सरळ तुलना करणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभणार नाही. तरीही हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. आजच्या खुल्या पात्रतेच्या ४० टक्क्यांच्या कसोटीवर केवळ त्या आकड्याने मोजले असते, तर पुढे कोलंबिया आणि लंडन या विद्यापीठांच्या पदव्या मिळविणारा हा विद्यार्थी रेषेच्या खाली राहिला असता.

त्यांना मदत कशी मिळाली? कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकाने मुलाची वाचनाची ओढ पाहिली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापाशी शब्द टाकला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीत साठविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. शिष्यवृत्ती थांबली म्हणून शिक्षण लांबले. थांबले मात्र नाही.

स्वतःच्या या अनुभवाचे पुढे त्यांनी धोरणात रूपांतर केले. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी जे निवेदन शासनास दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी आर्थिक तरतुदीची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू लागली. त्यापूर्वीच, जानेवारी १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले होते. शासनाकडे हक्क मागणे आणि त्याच वेळी समाजाने स्वतःच्या पायावर व्यवस्था उभी करणे, हे दोन्ही मार्ग एकत्र चालले. आपल्यासारख्या निवासी शाळा त्याच दुसऱ्या मार्गावरील मुक्काम आहेत.

प्रतीक्षेच्या दिवसांतील कामे

यादी लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. या दिवसांत काही कामे वेळेत झाली नाहीत, तर पुरेसे गुण असूनही शिष्यवृत्ती निसटू शकते.

पहिले काम नोंदी तपासण्याचे. गुण जाहीर झाल्यावर विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, दिव्यांगत्व यांच्या नोंदी बारकाईने पाहाव्यात आणि चूक आढळल्यास शाळेमार्फत मुदतीत दुरुस्ती करून घ्यावी. आपल्या समाजात येथे एक विशेष अडचण येते. धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. १९९० च्या कायदेदुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या पातळीवरही त्या सवलती मिळाल्या. तरीही प्रवर्गाच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ लिहिले गेले किंवा जातीचे प्रमाणपत्र वेळेवर काढले नाही, तर मुलाची गणना दुसऱ्याच यादीत होऊ शकते. धर्मांतराचा अभिमान बाळगणे आणि संविधानाने दिलेला हक्क नीट नोंदविणे यांत विसंगती नाही.

दुसरे काम कागदपत्रांचे. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, सातवीचे गुणपत्रक आणि आधार यांवरील नाव एकसारखे आहे ना, हे पाहावे. एका कागदावर ‘सिद्धार्थ’ आणि दुसऱ्यावर ‘सिध्दार्थ’ एवढ्या फरकानेही पुढे अडवणूक होते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडून ते आधारशी जोडून घ्यावे, कारण रक्कम थेट खात्यात जमा होते.

तिसरे काम अभ्यासाचे, आणि नेमके तेच या दिवसांत मागे पडते. आठवीच्या वार्षिक परीक्षेत किमान ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के गुण मिळाले तरच निवड झालेल्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती सुरू होते. ‘कटऑफ कळू दे, मग पुस्तक उघडतो’ असे म्हणणारे मूल निवडयादीत येऊनही मागे राहू शकते, हे पालकांनी त्याला समजावून सांगावे.

चौथे काम घरातील वातावरणाचे. रोज सायंकाळी ‘लागली का यादी?’ असे विचारल्याने यादी लवकर लागत नाही. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना केल्याने गुण वाढत नाहीत. मुलाने तीन तास बसून १८० प्रश्नांना तोंड दिले, हे कष्ट आधी मान्य करावेत. आजोबांनी कधी शाळेची पायरी न चढलेल्या घरातील मूल राज्यस्तरीय परीक्षेला बसते, ही घटनाच त्या घराच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

यादी लागल्यानंतर

नाव यादीत असेल तर आनंद जरूर साजरा करावा. परंतु काम संपलेले नसते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याचा अर्ज भरावा लागतो, शाळा व जिल्हा पातळीवर त्याची पडताळणी होते, आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नववीतून दहावीत व अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. दहावीत ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के गुण आवश्यक असतात. ते न मिळाल्यास पुढील दोन वर्षांची शिष्यवृत्ती बंद होते. दहावीनंतर मूल दुसऱ्या महाविद्यालयात गेले की नूतनीकरण कोणी करायचे, हा प्रश्न अधांतरी राहतो. पालकांनी नवीन ठिकाणी पहिल्याच आठवड्यात ही बाब सांगावी.

नाव यादीत नसेल तर इतर दारे उघडी आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी नववी-दहावीत मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, मुलींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. दहावीत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांसाठी अकरावी-बारावीला राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. दहावीनंतर शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. यांतील बहुतेकांना स्पर्धेचा कटऑफ नाही. वेळेवर केलेला अर्ज आणि पूर्ण कागदपत्रे एवढेच लागते.

माजी विद्यार्थ्यांना आवाहन

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वरील उदाहरणात ३०० मुले पात्र ठरली आणि ४० निवडली गेली. उरलेल्या २६० मुलांचे काय? शासनाच्या मोजमापानेच ती पात्र आहेत. जागा नव्हत्या एवढाच त्यांचा दोष. जोतीरावांनी १८८२ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न या २६० मुलांच्या रूपाने आजही आपल्यापुढे उभा आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. पहिली बिनखर्चाची : शाळेत एक नोंदवही ठेवावी. तीत दरवर्षी आपल्या जिल्ह्यातील प्रवर्गवार शेवटच्या निवडीचे गुण, आपल्या शाळेतून बसलेले, पात्र ठरलेले आणि निवडले गेलेले विद्यार्थी यांची नोंद व्हावी. अशी पाच वर्षांची नोंद हाती असेल तर ऐकीव आकड्यांवर मुलांची झोप उडणार नाही आणि तयारी कोणत्या विषयात कमी पडते तेही दिसेल. दुसरी सूचना निधीची. पात्रतेची रेषा ओलांडली पण निवड झाली नाही, अशा आपल्या शाळेतील मुलांना नववीच्या वर्षी पुस्तके, वह्या, गणवेश आणि प्रवासखर्च मिळावा. एका मुलाची जबाबदारी दरमहा १,००० रुपये धरली तर वर्षाला १२,००० होतात. नोकरीस लागलेल्या दहा माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये काढले, तर एक मूल रेषेच्या खाली राहूनही शाळेच्या आत राहते. हिशेब दरवर्षी जाहीर फलकावर लावावा. लाभार्थी मुलांची नावे मात्र लावू नयेत. मदत घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, ही काळजी मदतीइतकीच मोलाची आहे.

निवडयादी शासन लावील, आणि ती लागेल तेव्हा लागेल. तिच्या तळाशी रेषा कोठे पडेल हे आपल्या हातात नाही. रेषेखाली राहिलेले मूल जूनमध्ये नववीच्या वर्गात बसलेले असेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.